अंगणात किती उजेड हवा

माझी नोकरी आर्वीच्या एसटी डेपोत, ऑफिसातली, आणि घर आंजीला. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं मी घरी पोचायचे ती दिवस मावळल्यावरच. फाट्यावर उतरून घराकडे वळले की कुंपणाच्या आतून सरांच्या चपलांचा आवाज यायचा. सर म्हणजे माझे यजमान. गावातल्या हायस्कुलात त्यांनी विज्ञान शिकवलं, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणतं, आणि लोकांसमोर मीही तेच म्हणते. शाळेतून आल्यावर ते अंगणात येरझाऱ्या घालत. विहारातली वंदना ऐकू यायची, पलीकडच्या वावरातून ओल्या मातीचा वास यायचा, आणि मी आत पर्स ठेवून चहा टाकायचे. तो चहा आम्ही बाहेर बसून प्यायचो खरा, पण माझं लक्ष निम्मं स्वयंपाकाकडे असायचं. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी निवांत अंगणात बसायचं, एवढं एकच मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

मी रिटायर झाले आणि सरांनी संध्याकाळी बाहेर येणं सोडलं.

आधी मला काही वाटलं नाही. "मच्छर हायेत," म्हणायचे. मग थंडी आली, "गारठा हाय." उन्हाळ्यात, जेव्हा सगळं गाव झोपायला बाजा बाहेर काढतं, तेव्हाही हे आत पंख्याखाली. एकदा पेरूच्या झाडाला पाईप लावून मी विसरले आणि आतून ओरडले, "तेवढा नळ बंद करता का?" ते गेले. दिवेलागणीची वेळ, मला अंगण अजून चांगलं दिसत होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सरळ चालत जाऊन पेरूच्या आळ्यात पडले. समोर पाण्यानं भरलेलं आळं, आणि त्यांनी पाय असा टाकला जसा सपाट जमिनीवर टाकावा.

लागलं फार नव्हतं. चिखलानं पायजमा भरला होता, कोपर खरचटलं होतं. हळद लावताना मी विचारलं, "आळं दिसलं नाई का?"

"पाय सरकला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. डोळ्याचा पडदा कमजोर होत चालला आहे, दिवसा विशेष अडचण नाही, पण उजेड कमी झाला की यांचं दिसणं एकदम कमी होतं. औषधानं परत येणारं नाही, पण जाणारंही हळूहळू जातं, घाबरू नका. डोळ्यावर झोत येऊ देऊ नका, असंही काहीसं तो म्हणाला. मी मात्र एवढंच पकडलं की उजेड कमी पडतो. परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून होते. बस सुटल्यावर म्हणाले, "गावात कोणाले सांगजो नको."

"नाई सांगत."

"आंधळा म्हणतीन लोकं."

इतक्या वर्षांत सर लोकांच्या म्हणण्याला भ्याले आहेत असं मी पाहिलं नव्हतं. मला त्या बसमध्ये रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि दोघं सोलत बसलो.

त्याच आठवड्यात माझ्या मनानं घेतलं, की अंगणात दिवे लावायचे. सरांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी लावू दिले नसते. म्हणून मी वर्ध्याच्या एका लग्नाच्या लॉनचं नाव पुढे केलं. "तिथं झाडायच्या बुडाले कसे लाईट लावलेत! मले आपलं अंगण तसं सजवाचं हाय. इतकी वर्षं नोकरी केली, आता हौस करू द्या."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कर बाप्पा."

आमचं अंगण लांबट आहे. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला फाटक, मध्ये शहाबादी फरशीची वाट. वाटेच्या एका अंगाला पेरू, सीताफळ आणि जास्वंद, दुसऱ्या अंगाला जुना आंबा. आंब्याच्या पलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून एका दादांचं वावर. दादा म्हणजे आमच्याच वयाचे, मोठे कास्तकार, जरा तापट, पण कुंपणावरून आंब्याच्या कैऱ्या मागून न्यायचे आणि बदल्यात वांगी द्यायचे, असे संबंध.

वायरमन गावातलाच होता. लग्नसराईत मंडपाची रोषणाई करायचा, एरवी घरांची कामं. त्याला मी अंगण दाखवलं तेव्हा त्याचे डोळेच चमकले. "मॅडम, तुमी फक्त हो म्हना. आंब्याले हिरवा, पेरूले लाल, फाटकावर बदलनारे कलर. असं झक्कास दिसन का रस्त्यावरून जानारी एसटी थांबन!"

"एसटी थांबवायची नाही," मी म्हणाले. "मला भरपूर उजेड पाहिजे. कोपरान् कोपरा दिसला पाहिजे."

त्याचं तोंड थोडं उतरलं, पण त्यानं उपाय काढला. घराच्या कोपऱ्यावर लोखंडी खांब उभा करायचा आणि त्यावर मोठा फोकस. शिवाय असं यंत्र, की अंधार पडला की दिवा आपोआप लागेल आणि सकाळी आपोआप विझेल. बटण दाबायला उठायचीही गरज नाही. मला ते फार पटलं. पाऊस लागायच्या आत वाटेच्या कडेनं नाली खोदून पाईपमधून वायर टाकली, कारण पुढे फाटकाशीही दिवा लावायचा विचार होता. खांब उभा राहिला. त्या संध्याकाळी मी सरांना हाताला धरून ओट्यावर आणलं.

दिवा लागला. अंगण पांढरंफेक झालं. पेरूची पानं मोजावीत असा उजेड. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. सर ओट्यावरून दोन-चार पावलं खाली उतरले, कपाळावर आडवा हात धरला, तसेच उभे राहिले आणि मागे फिरले.

"छान झालं," म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. पावसाळा लागल्यावर फोकसभोवती किड्यांचे ढग जमायला लागले, खाली बेडूक येऊन तोंड वर करून बसायचे. "किडे हायेत," सर म्हणायचे. मी एकटीच खुर्ची टाकून बसायचे. उजेडात न्हालेलं अंगण आणि मी. खरं सांगायचं तर मला थोडा रागही यायचा. ज्यांच्यासाठी केलं ते आत बातम्या ऐकत बसलेले.

असा पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला चहूकडे सोयाबीन वाळलं. पानं गळून नुसत्या शेंगा लोंबायला लागल्या की आमच्याकडे सोंगणीची, म्हणजे कापणीची, घाई होते. एका सकाळी दादा फाटकातून आत आले ते आवाज चढवूनच.

"वहिनी, तुमच्या मोरीचं पानी कुठं सोडलं?"

"का हो दादा? खड्ड्यात जाते ते."

"खड्ड्यात नाई जाऊन राह्यलं! माह्या वावरात मुरून राह्यलं. धुऱ्याच्या, तुमच्या कुंपनाच्या बाजूचं सारं सोयाबीन हिरवंगार उभं हाय. बाकी वावर वाळलं, इथलं वाळायचं नावच घेत नाई. उद्या सोंगनारे येतीन, मी काय हिरवं सोंगू?"

सर आतून बाहेर आले. दिवसा त्यांना काही अडचण नव्हती. "चाल भाऊ, पाहू दे मले," म्हणाले, आणि आम्ही तिघं कुंपणाच्या फटीतून वावरात गेलो.

दादा खोटं बोलत नव्हते. सगळं वावर तपकिरी, आणि आमच्या कुंपणाला लागून एक मोठा हिरवा तुकडा. पानं तरारलेली, शेंगा बारीक, कुठे कुठे तर अजून फुलंच. सर वाकले, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली. कोरडी होती.

"पानी नाई मुरलं इथं," ते म्हणाले.

"मंग काय भूत हाय का?" दादा म्हणाले.

सर त्या हिरव्या तुकड्याच्या कडेकडेनं चालायला लागले. शाळेत वर्गात फिरायचे तसे, हात मागे बांधून. मी त्यांना किती दिवसांनी असं चालताना पाहिलं. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, "भाऊ, इकडे ये. हे पाह्य."

हिरव्या तुकड्याच्या मधोमध एक पट्टा वाळलेला होता. बाकी वावरासारखाच वाळलेला, शेंगा भरलेल्या. कुंपणाशी अरुंद आणि पुढे रुंद होत गेलेला. दोन्ही बाजूंना हिरवं आणि मध्ये हा तपकिरी पट्टा. सरांनी त्या पट्ट्यात उभं राहून आमच्या घराकडे तोंड केलं. त्यांच्या समोर आंब्याचं खोड होतं. खोडाच्या बरोब्बर मागे, घराच्या कोपऱ्यावर, माझा फोकस.

"ही सावली हाय," सर म्हणाले, आणि हसायलाच लागले. "आंब्याची सावली! जिथं सावली पडली तिथं सोयाबीन पिकलं, अन् जिथं फोकस पडला तिथं नाई पिकलं. भाऊ, सोयाबीनले मोठी रात्र लागते. रात्र मोठी झाली का त्याले समजते, आता फुलावर याचं, आता शेंगा भराच्या. आमच्या घरी रात्रभर दिवा. त्याले रात्र झाली हेच नाई समजलं."

दादांनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे. ते स्वतः त्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले, मग बाहेर आले, मग पुन्हा आत गेले. "आईच्यान!" एवढंच म्हणाले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. माझा मात्र जीव शरमेनं अर्धा झाला. मी म्हणाले, "दादा, नुकसान झालं ना तुमचं. मी आजच तो दिवा काढते."

"हिरवं हाय तं बैल खातीन, वहिनी. तेवढ्यानं काई होत नाई. पन दिवा काढा खरंच."

"काढाच," सर म्हणाले. मग खांबाकडे बघत म्हणाले, "मलेबी त्या फोकसनं काही दिसत नाई."

दादा तिथेच होते. ज्या माणसानं बसमध्ये मला कोणाला सांगू नको म्हटलं होतं, तोच माणूस शेजाऱ्यासमोर हे बोलत होता. मी म्हणाले, "काही दिसत नाही म्हणजे?"

"डोळ्यात घुसते तो. मंग पायाखाली निरा काळं दिसते. आधी थोडंतरी दिसे."

"मग सांगितलं काऊन नाई मले?"

"तू एवढ्या हौसेनं लावला."

"मी हौसेसाठी नव्हता लावला."

"मालूम हाय मले," सर म्हणाले.

दादांनी विचारलं, "काय झालं सर डोळ्याले?" आणि सरांनी त्यांना सगळं सांगितलं, तिथेच वावरात उभं राहून, पडदा म्हणजे काय, तो कसा कमजोर होतो, जणू दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांचा धडा शिकवत आहेत. दादा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माह्या बापाचंबी असंच होतं. आम्ही समजत होतो म्हातारा हट्टी हाय, दिवस बुडला का घराबाहेर निंघत नाई." बस, एवढंच. कोणी आंधळा म्हटलं नाही.

वायरमनला बोलावलं. फोकस उतरवताना त्याला वाईट वाटत होतं. पण या वेळी त्याला काय पाहिजे ते मी सांगितलं नाही, सरांनी सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले तर म्हणाले, "मले विचारा ना. माह्याच डोळ्यासाठी चाललं ना हे सारं?"

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. दिवाळी होऊन गेली होती, संध्याकाळी हवा छान असायची. वायरमन बॅटऱ्या घेऊन यायचा. एक बॅटरी वाटेच्या कडेला जमिनीवर ठेवायची, तिच्यावर काहीतरी झाकण धरायचं, म्हणजे उजेड फक्त फरशीवर पडेल, आणि सर घराकडून चालत यायचे. आम्ही दोघं श्वास रोखून बघायचो.

"दिसते?"

"दिसते. इथून पुढे नाई."

"इथं?"

"डोळ्यात येऊन राह्यला. खाली कर. अजून. हां!"

जिथे सर "हां" म्हणतील तिथे मी फक्कीनं खूण करायची, शेतात आखणी करतात त्या पांढऱ्या भुकटीनं. झाकण म्हणून आधी घमेलं धरलं, मग कढई, मग माझा पोळ्यांचा डबा. शेवटी वायरमनलाच सुचलं, की मातीचे छोटे माठ पालथे घातले तर? गावातल्या कुंभारणीकडून त्यानं मुद्दाम करवून घेतले, काठाशी एका बाजूनं तोंड ठेवलेले, म्हणजे पालथा घातला की उजेड त्या एकाच बाजूनं, आणि जमिनीवरच पडेल. सगळ्यांची तोंडं वाटेकडे आणि पाठ दादांच्या वावराकडे. आत पिवळसर बारीक दिवे. नाली आधीच खोदलेली होती, पाईपमध्ये वायर तयार होती, त्यामुळे फरशी उखडावी लागली नाही. आणि आपोआप लागणारं ते यंत्र सरांनी काढून टाकायला लावलं. "बटन ठेव. मी दाबत जाईन."

मधेच असं लक्षात आलं की दिव्यांइतकंच काम चुना करतो. पायरीची कड आणि फरशीच्या दोन्ही बाजूंचे दगड पांढरे केले तर कमी उजेडातही सरांना वाट दिसते. एका रविवारी आम्ही दोघांनीच बसून चुना मारला. पेरूच्या आळ्याला कडेनं विटा लावल्या, त्याही पांढऱ्या केल्या. माझी साडी आणि सरांची मिशी दोन्ही पांढरी झाली.

वायरमनचं मन मात्र भरत नव्हतं. "सर, एक तरी कलर लावू द्या. लोकं म्हनतीन, यानं मडके लावले नुसते." सर म्हणाले, लाव, जास्वंदीत लाव, माझ्या वाटेत नको. त्यानं हिरवा दिवा लावला. सरांना तो नुसता हिरवा डाग दिसतो. जास्वंदीची लाल फुलं त्या उजेडात काळी दिसतात. तरी तो अजून आहे, कारण तो लागला की वायरमनचा चेहरा फुलतो.

सगळं झालं त्या संध्याकाळी सरांनी स्वतः बटण दाबलं. या वेळी मी टाळी वाजवली नाही, कारण टाळी वाजवावी असं काही दिसलंच नाही. वाट तेवढी दिसत होती, जशी पाण्यानं धुऊन ठेवावी तशी, आणि बाकी अंगण अंधारात. आंबा नुसता काळा, आणि त्याच्या वर चांदण्या. फोकस होता तेव्हा चांदण्या दिसतच नव्हत्या, हे मला तेव्हा समजलं. सर ओट्यावरून उतरले. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही. पाऊल मोजत नाही, चाचपडत नाही, साधे चालत ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा गेले. मी आत जाऊन चहा टाकला, कारण तिथे मला उभं राहवत नव्हतं. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा अंधारातून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

पौषात दादा एका संध्याकाळी तुरीच्या शेंगा घेऊन आले. मी त्या मीठ घालून उकडल्या आणि आम्ही तिघं अंगणात बसून खाल्ल्या. दादांनी वाटेवरचे माठ निरखून पाहिले आणि म्हणाले, "गोठ्याले असा एखादा लावला पायजे. बैलायच्या पायाखाली साप-जानावर निंघते कधी कधी." सर म्हणाले, लावा, पण तोंड वावराकडे करू नका. दादा मोठ्यानं हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वायरमन आला. काम नव्हतं, तरी घुटमळत उभा राहिला. त्याची सासुरवाडी सेलूची. सासूबाई म्हाताऱ्या, त्यांनाही अंधार पडला की नीट दिसत नाही, आणि संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. तिथे दिवे लावायचे होते. "पन मले काय समजते त्याहिले किती दिसते ते? सर, चाला ना माह्यासंग. तुमी सांगसान तसं लावतो."

मी सरांकडे पाहिलं. ते आधीच उठून मफलर शोधत होते.

गेले दोघं मोटरसायकलवर, सर मागे बसून, मांडीवर दोन माठ. परत येईपर्यंत बरीच रात्र झाली होती. मी जेवण झाकून ठेवून बसले होते. आल्यावर हातपाय धुतले आणि ताटावर बसल्या बसल्या सुरू झाले. म्हातारीला पिवळा उजेड चालत नाही, पांढरा लागतो, पण मंद. तिचं डावीकडचं बरं आहे, उजवीकडचं कमी, म्हणून दिवे डाव्या हाताला घ्यावे लागले. आधी ती ऐकतच नव्हती, म्हणे मला सगळं दिसते. "मंग म्या तिले म्हनलं, आजी, मलेबी दिसत नाई. दोघं मिळून पाहू," सर म्हणाले. "मंग आली बाहेर. माह्या हाताले धरून."

भाकरी थंड होत होती. मी म्हणाले, "जेवा ना आधी."

"जेवतो. तू ऐक तं," ते म्हणाले, आणि भाकरीच्या तुकड्यानं ताटातच मला सेलूचं अंगण काढून दाखवायला लागले.